परिघावरची एकांकिका : घाट, स्पर्धा आणि स्थळ

१

मराठी नाट्यसमीक्षेत एकांकिकेचा विचार बहुधा दोन संदर्भांत होतो. एक, नामवंत नाटककाराच्या घडणीतील प्रारंभीचा टप्पा म्हणून. आणि दोन, स्पर्धांच्या निकालांचा वार्षिक आढावा म्हणून. पहिल्या संदर्भात एकांकिका ही पायरी ठरते, दुसऱ्यात ती बातमी ठरते. या दोहोंच्या मध्ये जी गोष्ट निसटते ती म्हणजे स्वतः एकांकिका : तिचा घाट, तिचा काळ, ती ज्या ठिकाणी उभी राहते तेथील भाषेशी आणि प्रेक्षकांशी तिचे असलेले नाते. प्रस्तुत लेखात या निसटलेल्या भागाचा विचार करावयाचा आहे, आणि तो मुंबई-पुण्याच्या केंद्रांवरून नव्हे, तर कल्याणच्या पलीकडील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यावरून.

हा पट्टा निवडण्यामागे केवळ भौगोलिक कुतूहल नाही. मुंबईपासून सुमारे ६० किलोमीटरांवरील ही तीन शहरे कर्जतकडे जाणाऱ्या एकाच लोहमार्गावर ओळीने वसलेली आहेत. पण त्यांचे भूतकाळ एकमेकांशी जुळणारे नाहीत. उल्हासनगर हे फाळणीने जन्माला घातलेले शहर. कल्याणजवळील लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तेथील माणूस पत्ता सांगताना 'कॅम्प' हा शब्द आणि त्याचा क्रमांक सांगतो. अंबरनाथला शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले शिलाहारकालीन शिवमंदिर आहे आणि त्याच गावात आयुधनिर्माणी व औद्योगिक वसाहतीची कामगारवस्तीही आहे. बदलापुरात जुने आगरी-कुणबी गाव, भोवतालचे ठाकूर-कातकरी पाडे आणि मुंबईत घर न परवडल्याने येथवर आलेला मध्यमवर्गीय नोकरदार असे तीन थर एकमेकांवर बसलेले आहेत. जेथे तीन शहरांत मिळून इतक्या भाषा आणि इतकी विस्थापने आहेत, तेथील छोटे, स्वतंत्र लेखनाचे प्रयोग काय करतात आणि काय करू शकत नाहीत, हा प्रश्न एकूण मराठी रंगभूमीलाच विचारण्यासारखा आहे.

२

ज्याला पाश्चात्त्य रंगभूमीवर 'फ्रिंज' म्हणतात त्याची जन्मकथा येथे उपयोगी पडते. १९४७ मध्ये एडिंबरो येथे आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला तेव्हा निमंत्रण नसलेली आठ पथके तेथे गेली आणि मिळेल त्या जागेत त्यांनी आपले प्रयोग केले. पुढे या कडेच्या प्रयोगांनाच स्वतंत्र नाव आणि प्रतिष्ठा मिळाली. या घटनेचा गाभा असा, की तेथे कोणी कोणाची निवड केलेली नव्हती. प्रयोग करण्याचा अधिकार परीक्षकाकडून मिळत नव्हता. तो जागा मिळवण्याच्या धडपडीतून मिळत होता.

मराठीत या वृत्तीच्या सर्वांत जवळ जाणारी घटना म्हणजे छबिलदासची चळवळ. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या 'आविष्कार'ने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले आणि शाळेचे एक साधे दालन ही मराठी प्रायोगिकतेची संज्ञा बनली. परंतु छबिलदास दादरला होते हे विसरून चालणार नाही. तेथे पोहोचणे हे पश्चिम व मध्य या दोन्ही मार्गांवरील प्रेक्षकाला शक्य होते, वृत्तपत्रांचे नाट्यसमीक्षक हाकेच्या अंतरावर होते. छबिलदास हा व्यावसायिक रंगभूमीच्या संदर्भात परिघ होता. स्थळाच्या संदर्भात तो केंद्रातच होता. परिघ हा शब्द आपण सैलपणे वापरतो, त्यामुळे हा भेद झाकला जातो. शैलीचा परिघ आणि स्थळाचा परिघ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्थळाच्या परिघावर मराठीत निवडीशिवायचा महोत्सव हा प्रकार फारसा रुजला नाही. तेथे रुजली ती स्पर्धा. १९५४ पासून सुरू झालेली राज्य नाट्यस्पर्धा, 'महाराष्ट्रीय कलोपासक'ने १९६३ मध्ये सुरू केलेली पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, विविध स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिकांनाच प्रवेश देणारी आणि २५ जानेवारीच्या रात्रभर चालणारी 'चतुरंग'ची सवाई एकांकिका स्पर्धा, 'लोकसत्ता'ची विभागवार होणारी लोकांकिका : या सगळ्या व्यवस्थेने गावोगावच्या तरुणांना रंगमंच दिला, हे निर्विवाद आहे. १९६७ मध्ये विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'चा जन्मही राज्य नाट्यस्पर्धेच्या निमित्ताने झाला. म्हणून स्पर्धेला सरसकट दोष देणे इतिहासाला धरून होणार नाही. प्रश्न असा आहे, की जेव्हा स्पर्धा हाच परिघावरील प्रयोगाचा जवळजवळ एकमेव आधार होतो, तेव्हा ती केवळ व्यासपीठ राहत नाही. ती घाट ठरवू लागते.

३

स्पर्धेचा घाटावर होणारा परिणाम तीन पातळ्यांवर दिसतो.

पहिली पातळी काळाची. बहुतेक स्पर्धांत प्रयोगाला अर्ध्या तासापासून तासापर्यंतची चौकट असते आणि नेपथ्य लावण्या-काढण्यासही मोजकी मिनिटे मिळतात. मर्यादा ही कलेला अपायकारकच असते असे नाही. भरताने सांगितलेल्या दशरूपांत भाण, व्यायोग, वीथी, उत्सृष्टिकांक ही एकाच अंकाची रूपके आहेत. 'ऊरुभंग' किंवा 'कर्णभार' यांना पूर्ण नाटकाची अपूर्ण आवृत्ती असे कोणी म्हणत नाही. मराठीतच दिवाकरांनी १९११ पासून लिहिलेल्या नाट्यछटा पाहाव्यात. ब्राउनिंगच्या नाट्यात्म स्वगतांवरून त्यांना या प्रकाराची कल्पना सुचली, पण न दिसणाऱ्या श्रोत्याशी बोलणारे एकच पात्र ही योजना भाणातील आकाशभाषिताशीही नाते सांगते. तेथील अल्पत्व हे संक्षेपाने आलेले नाही. बोलणाऱ्याचा खोटेपणा त्याच्याच वाक्यांतून उघडा पडण्यास जेवढा अवधी लागतो तेवढाच तिचा विस्तार असतो. स्पर्धेतील एकांकिकेचा काळ मात्र पुष्कळदा आतून ठरत नाही. तो नियमपत्रिकेतून येतो, आणि मग घटनांची गर्दी करून तो भरला जातो.

दुसरी पातळी परिणामाची. एका दिवसात पाठोपाठ आठ-दहा प्रयोग पाहणाऱ्या परीक्षकाच्या स्मरणात राहणे ही येथे जगण्याची अट होते. त्यातून काही संकेत रूढ झाले आहेत : आरंभीचा समूहघोष, अंधार-प्रकाशाचे त्वरित बदल, एकाच वस्तूचे अनेक वस्तूंत रूपांतर, आणि शेवटच्या दोन मिनिटांत पूर्वीच्या सर्व घटनांना उलटा अर्थ देणारा धक्का. यांपैकी प्रत्येक संकेत मुळात प्रायोगिक रंगभूमीचा शोध होता. नेपथ्याचा त्याग, नटाच्या शरीरावरील भर, समूहाचा वाद्यासारखा वापर या गोष्टी पीटर ब्रूक, ग्रोटोव्हस्की, बादल सरकार यांच्या विचारांतून आणि आपल्या लोकनाट्याच्या नव्या आकलनातून साठ-सत्तरच्या दशकांत आल्या. त्या वेळी त्या कोणत्यातरी प्रश्नाचे उत्तर होत्या. प्रश्न गळून उत्तर तेवढे शिल्लक राहिले, की शैलीची पद्धत होते. रेमंड विल्यम्स यांनी संस्कृतीतील उदयोन्मुख आणि अवशिष्ट प्रवाहांत जो भेद केला तो येथे लावता येईल : एकेकाळी उदयोन्मुख असलेले प्रयोगतंत्र आता स्पर्धेच्या मांडवात अवशेषरूपाने, पण विजयी मुद्रेने वावरते.

तिसरी पातळी गंतव्याची. एकांकिका ही पायरी आहे, या समजाला व्यावसायिक यशाचे दाखले बळ देतात. देवेंद्र पेम यांची 'ऑल द बेस्ट' एकांकिकेतून १९९३ मध्ये पूर्ण नाटक झाली. प्राजक्त देशमुख यांच्या 'देवबाभळी'चाही प्रवास एकांकिकेकडून २०१७ च्या 'संगीत देवबाभळी'कडे झाला. हे प्रवास अभिनंदनीय आहेत. पण त्यातून निघणारा सामान्य सिद्धांत फसवा आहे. लघुकथेची परीक्षा तिची कादंबरी झाली की नाही यावर आपण करीत नाही. महेश एलकुंचवारांची 'सुलतान' १९६७ मध्ये 'सत्यकथे'त आली तेव्हा तिने विजया मेहतांचे लक्ष वेधले ते भावी दीर्घ नाटकाचे बीज म्हणून नव्हे. तिच्यातील ताण तेवढ्याच अवकाशात पूर्ण होत होता म्हणून. त्यांच्या 'होळी'वर १९८४ मध्ये केतन मेहतांनी चित्रपट केला, तरी महाविद्यालयीन नटसंचांना ती एकांकिका म्हणूनच हवीशी वाटत राहिली.

४

आता स्थळाकडे वळू. स्थळ म्हणजे संहितेतील गावाचे नाव नव्हे. स्थळ म्हणजे प्रयोगाच्या शक्यता ठरवणारी परिस्थिती आणि त्या परिस्थितीने घडवलेले पाहण्याचे वळण.

कल्याण-कर्जत मार्गावरील तरुण नटाचा दिवस लोकलच्या वेळापत्रकाने बांधलेला असतो. तालमीला सुरुवात होते ती सगळे कामावरून परतल्यावर. ज्याची गाडी चुकते त्याच्या वाट्याचे संवाद दुसरा म्हणतो. ठाण्याचे गडकरी रंगायतन, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर, कल्याणचे अत्रे रंगमंदिर ही नाट्यगृहे या नटाला प्रेक्षक म्हणून ठाऊक असतात. स्वतःचे प्रयोग बसवण्यासाठी मात्र दीर्घकाळ त्याच्या वाट्याला शाळेचे सभागृह, सोसायटीची गच्ची, गणेशोत्सवाचा मांडव किंवा समाजमंदिर हेच आले. ही केवळ गैरसोयीची यादी नाही. जेथे एकाच्या गैरहजेरीने प्रयोग कोलमडू नये अशी गरज असते, तेथे व्यक्तिपात्रांपेक्षा समूह सोयीचा ठरतो. जेथे पडदा आणि विंग नसतात तेथे पात्रांचे येणे-जाणे प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत होते. म्हणजे जी समूहशैली आपण वर 'स्पर्धेचा संकेत' म्हणून नोंदवली, तिच्यामागे येथे एक खरी भौतिक निकडही असू शकते. समीक्षकाचे काम हे की या दोहोंत भेद करावा : समूह परीक्षकासाठी आला आहे की गाडीच्या वेळेमुळे? आणि गाडीच्या वेळेमुळे आलेला समूह त्या गाडीविषयी, त्या गर्दीविषयी काही म्हणू पाहतो का?

भाषेच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. उल्हासनगरात सिंधी घरांतील तिसरी-चौथी पिढी बाहेर हिंदी बोलते, घरात आजीची सिंधी ऐकते आणि शेजाऱ्याशी मोडकी मराठी बोलते. तिच्या शेजारी राहणारा मराठी तरुण तितक्याच सहजतेने हिंदीत शिरतो. अंबरनाथच्या कामगारवस्तीत कोकण, खानदेश, मराठवाडा आणि उत्तर भारत यांच्या बोली एका नळावर भेटतात. बदलापूरच्या वेशीवर आगरी बोली आहे. या सर्वांतून घडलेला नट रंगमंचावर पाऊल ठेवतो तेव्हा मात्र पुष्कळदा एक निर्जंतुक 'रंगमंचीय' मराठी बोलू लागतो. जी भाषा त्याच्या घरी नाही, रस्त्यावर नाही, केवळ गुणपत्रिकेतील 'वाचिक अभिनय' या रकान्यात आहे. आणि सिंधी पात्र आलेच तर ते बहुतांशी दुकानदार असते आणि त्याचे व्याकरण हा विनोदाचा विषय असतो. फाळणीने घर गमावलेल्या माणसांनी उभ्या केलेल्या शहराच्या शेजारी राहून मराठी रंगभूमीला त्या माणसात गल्ल्याखेरीज काही दिसू नये, ही उणीव भाषिक नाही. ती दृष्टीची आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. अलीकडे स्पर्धांत बोलीभाषेतील एकांकिकांना उलट पसंती मिळते, मग प्रमाण मराठीच्या दडपणाची तक्रार कशासाठी? आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्यातून दुखणे बरे झाल्याचे सिद्ध होत नाही. बोली हा जेव्हा गुण मिळवून देणारा अलंकार ठरतो तेव्हा शहरी नट ऐकीव बोली उसनी आणतो आणि ग्रामीण दारिद्र्याचे एक सर्वपरिचित चित्र रंगवतो. बदलापूरचा नट मराठवाड्यातील दुष्काळाची एकांकिका करतो. त्याने ती करू नये असे नाही; पण ज्या बारवी धरणाचे पाणी या सबंध औद्योगिक पट्ट्याला मिळते, त्या धरणाखाली गेलेल्या पाड्यांची बोली त्याच्या घरापासून काही किलोमीटरांवर असताना ती त्याला ऐकू येत नसेल, तर बोलीचा हा वापर प्रमाणभाषेइतकाच स्थळशून्य आहे.

५

मग स्थळ हे आशयापुरते न राहता घाटाचा भाग होते म्हणजे काय होते? दोन उदाहरणे घेऊ.

पहिले प्रेमानंद गज्वी यांच्या 'घोटभर पाणी'चे. १९७७ मधील ही दोन पात्रांची एकांकिका अस्पृश्यतेचा प्रश्न मांडते हे सांगून समीक्षा सहसा थांबते. तिच्या घाटाकडे पाहिले तर दिसते, की अल्पत्व हाच येथील युक्तिवाद आहे. मागणी आहे ती घोटाची. जगातील सर्वांत लहान मागणी. ती पुरी करण्यास जितका कमी वेळ लागावा, तितका नकाराचा प्रदीर्घ इतिहास असह्य होत जातो. ही एकांकिका तीन अंकी केली तर तिचा अर्थच बदलेल. शिवाय तिला फारशी सामग्री लागत नाही. दोन नट आणि उभे राहण्यापुरती जागा मिळाली की ती होते. म्हणून ती समाजमंदिरात, वस्तीत, मोकळ्या पटांगणात करता आली आणि सत्यशोधक व आंबेडकरी जलशांनी घडवलेल्या प्रेक्षकापर्यंत पोहोचू शकली. पाणी जेथे टँकरने येते त्या वस्तीत हा प्रयोग पाहणे आणि वातानुकूलित नाट्यगृहात तो पाहणे, या दोन निराळ्या नाट्यघटना आहेत. संहिता एकच, प्रयोगाचे चिन्ह वेगळे. आपली संहिताकेंद्री समीक्षा हा फरक नोंदवू शकत नाही.

दुसरे उदाहरण ठाण्याचे. रत्नाकर मतकरी यांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीने, 'वंचितांचा रंगमंच' हा उपक्रम उभा केला. शहरातील वस्त्यांमधील मुलामुलींनी आपल्याच जगण्यातून छोटी नाटुकली रचावीत आणि एकत्र येऊन सादर करावीत, अशी ही योजना. मतकरी २०२० मध्ये निवर्तले. नाटक, बालनाट्य, गूढकथा अशा सर्व क्षेत्रांत कीर्ती मिळवलेल्या लेखकाने लेखकपणच इतरांना देऊन टाकण्याचा हा प्रयत्न केला, याची दखल मुख्यतः सामाजिक कार्य म्हणून घेतली गेली; नाट्यविचार म्हणून नव्हे. वस्तुतः तो एक नाट्यविचार आहे. तेथे संहिता तालमीच्या आधी पुरी झालेली नसते. ती तालमीत, सुधारत, एकमेकांना अडवत तयार होते. रूढ निकषांवर ही नाटुकली कदाचित कच्ची ठरतील. पण कच्चेपणा दोन प्रकारचा असतो : एक कसबाच्या अभावाचा, दुसरा अनुभव अजून कोणत्याही तयार साच्यात बसलेला नसल्याचा. पहिला दोष आहे. दुसरा रंगभूमीचे भांडवल आहे. हा भेद करता न येणारी समीक्षा एक तर परिघावरील प्रयोगाला नाकारते किंवा कौतुकाच्या थापेने त्याची बोळवण करते. दोन्हींत त्याचे गांभीर्याने वाचन होत नाही.

६

मूल्यमापनाचा प्रश्न २०२२ मध्ये एका अनपेक्षित मार्गाने ऐरणीवर आला. पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी कोणतीच एकांकिका करंडकास पात्र नसल्याचा निर्णय दिला. त्यावर मोठा वाद झाला. एका बाजूने, विद्यार्थ्यांच्या उमेदीवर हा आघात असल्याचे म्हटले गेले; दुसऱ्या बाजूने, दर्जाचा आग्रह धरल्याबद्दल परीक्षकांचे स्वागत झाले. प्रस्तुत लेखकाच्या मते निर्णय घेण्याचा अधिकार परीक्षकांना निःसंशय होता. दरवर्षी कोणीतरी श्रेष्ठ असलेच पाहिजे, ही कल्पना बक्षीसवाटपाची आहे, समीक्षेची नाही. पण या वादाने जे उघडे केले ते निराळेच. सहा दशकांची परंपरा असलेल्या स्पर्धेत 'दर्जा' म्हणजे काय, याविषयी वादासाठी दोन्ही बाजूंना उभे राहता येईल अशी सामायिक भूमी आपल्याकडे नव्हती. चर्चा मुख्यत्वे निर्णय योग्य की अयोग्य यावर झाली. त्या वर्षीच्या एकांकिकांत घाटाच्या दृष्टीने नेमके काय घडले वा घडले नाही यावर ती क्वचितच आली. गुणपत्रिका ही एकांकिकेची एकमेव समीक्षा उरल्याचा हा परिणाम होय. आकड्यांना बाजू मांडता येत नाही.

पुण्यासारख्या केंद्रात ही अवस्था, तर उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या प्रयोगांचे काय, हे सांगावयास नको. तेथे होणारी एकांकिका दोन-तीन प्रयोगांनंतर विरून जाते. तिची संहिता छापली जात नाही; रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे प्रमाणपत्रासाठी गेलेली प्रत हाच पुष्कळदा तिचा एकमेव लिखित पुरावा असतो. जी रंगभूमी केवळ पूर्वपरवानगीच्या कागदपत्रांत शिल्लक राहते, तिचा इतिहास पुढे कोणी कसा लिहिणार? बदलापुरात 'ग्रंथसखा'सारखे वाचनालय दुर्मीळ मराठी ग्रंथ आणि नियतकालिके जतन करते. छापील शब्दाबाबत जे एका गावाला जमू शकते, ते प्रयोगाच्या संहितांबाबत या परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांना जमणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. पदव्युत्तर प्रबंधिकांसाठी त्याच त्या पाच नाटककारांकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या गावातील दहा वर्षांच्या एकांकिका, त्यांच्या संहिता, भित्तिपत्रके, नटांच्या मुलाखती यांचे संकलन हा विषय देता येईल. त्यासाठी आधी मार्गदर्शकाला तो विषय वाटला पाहिजे.

७

वरील विवेचनातून परिघावरील लघुप्रयोगाच्या वाचनासाठी तीन प्रश्न पुढे ठेवता येतील. प्रयोगाचा काळ आतून ठरला आहे की नियमातून? त्याची भाषा बोलणाऱ्यांच्या परस्परसंबंधांतून आली आहे की गुणांच्या अपेक्षेतून? आणि तो ज्या जागी उभा आहे त्या जागेची मर्यादा त्याने लपवली आहे की वापरली आहे? हे निकष सौम्य नाहीत. त्यांच्या कसोटीला गाजलेल्या अनेक विजेत्या एकांकिका उतरणार नाहीत, आणि चार बाकडी जोडून केलेला एखादा प्रयोग उतरेल.

हे निकष प्रादेशिक अभिमानाचेही नाहीत. बदलापूरच्या नटाने बदलापूरविषयीच बोलावे असा त्यांचा अर्थ नाही. रोज मुंबईला जाणाऱ्या माणसाचे मन गावाच्या हद्दीत मावत नाही आणि तेथून सुटण्याची इच्छा हीसुद्धा त्या स्थळाचीच वस्तुस्थिती आहे. अपेक्षा एवढीच, की तो जे बोलेल ते कोठून बोलतो आहे हे त्याच्या प्रयोगाच्या घडणीत असावे. ठाणे-पालघर-नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातील बोहाड्यात मुखवटा घालणारा माणूस कोण आहे हे सर्व गावाला माहीत असते; तरीही देवाचे सोंग देवाचेच राहते, आणि त्या ओळखीमुळे त्याला उणेपण येत नाही. परिघावरील एकांकिकेला प्रेक्षकाशी असे नाते उपलब्ध आहे : समोर बसलेला प्रेक्षक नटाला ओळखतो, त्याचे घर, त्याची गाडी, त्याची बोली ओळखतो. केंद्रातील रंगभूमीला हे नाते विकत घेता येत नाही. स्पर्धेच्या मांडवात, अनोळखी परीक्षकासमोर, ते निरुपयोगी ठरते म्हणून नट ते घरी ठेवून जातो. ते त्याने बरोबर आणावे यासाठी स्पर्धेखेरीज दुसरीही जागा असली पाहिजे, आणि तेथे घडलेले वाचणारी समीक्षाही असली पाहिजे. पहिली गोष्ट रंगकर्मींच्या आणि नगरपालिकांच्या हाती आहे, दुसरी आपल्या.